पान तीन, चौकट चार

वाल्पाराइसोत, लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही पानं मांडतो.
खाली कुणी खिळे तोलून घेत असतं,
वर आम्ही एकमेकांच्या चुका.

नियम एकच : ज्याची पानं, त्यानं बोलायचं नाही.
‘मला असं दाखवायचं होतं’ हे वाक्य
दारापाशी छत्र्यांसोबत ठेवून यायचं.

माझी पाच पानं. नमुन्याची.
सान्तियागोच्या प्रकाशकाला पाठवायची होती.
गोष्ट बंदरावरच्या एका क्रेनवाल्याची,
जो संपाच्या रात्री घरी येत नाही.
सहा महिने घासलेली. ब्रश स्वतःचा, शाई उसनी.

आधी यास्ना. वय सतरा, दातांना तारा, दयामाया नाही.
“दुसऱ्या पानावर मी वाचू कुठून?
डोळा उजवीकडे घसरतो,
तुमचा फुगा डावीकडून हाक मारतो.
मी मधेच उभी,
तेवढ्यात गोष्ट निघून जाते.”

मग रोसेंदो, वायरमन, कानावरची पेन्सिल काढत :
“वर लिहिलंय, दार उघडं होतं.
चित्रात दार उघडं आहे.
एकच दार दोनदा कशाला उघडतोस?
बिजागऱ्या झिजतील.”
सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

क्षितिजाची रेघ प्रत्येकाच्या मानेतून आरपार गेलीय,
हेही कुणीतरी म्हणालं. खरं होतं.
चार माणसं मारली होती मी, नकळत, पट्टीनं.

एदुविहेस शेवटी बोलते.
चाळीस वर्षं वर्तमानपत्राची मुद्रितं तपासली तिनं,
अजून पावाच्या पिशवीवरची चूक खुणेनं दुरुस्त करते.
तिनं चष्मा चढवला नाही.
पानं लांब धरली आणि विचारलं,
“यांना थंडी वाजते का?”

कुणाला?

“सगळ्यांना. क्रेनवाला, बायको, संपवाले, पोलीससुद्धा.
एकतीस चौकटी, आणि प्रत्येकाचे हात खिशात.
नाहीतर पाठीमागे. नाहीतर टेबलाखाली.
एका बाईला तर टोपली दिलीस, नुसती मनगटं झाकायला.
हातचं राखून काढतोस, मुला.”

मी नियम मोडला.
म्हणालो, हात जमत नाहीत मला.
हात दाखवून अवलक्षण कशाला?
ती म्हणाली, “मग अवलक्षण दाखव.”

टेकडी चढणारा लिफ्टचा डबा बंद होता. पायऱ्या मोजत घरी आलो.
स्वयंपाकघरात बाबा पाव कापत होते.
कापून झाल्यावर तळहाताच्या कडेनं
चुरा एका जागी ओढत होते,
ढीग झाला की पुन्हा पसरत, पुन्हा ओढत.
मी वही काढली.

पहिला हात हातमोजा झाला. दुसरा केळ्यांचा घड.
अकराव्याला बोटं सहा.
बाबा वाकून बघत म्हणाले, “हा कुणाचा?”
तुमचा.
“माझा अंगठा इतका आखूड नाही,”
आणि रागावल्यासारखा त्यांनी हात दिव्याखाली धरला.
सूप निवेपर्यंत धरला.
मधे एकदा दुसऱ्या हातानं त्याला आधार दिला.

पुढच्या गुरुवारी पान तीन, चौकट चार :
क्रेनवाल्याची बायको, रात्र, टेबल.
‘ती वाट पाहत होती’ हे मी खरवडून काढलं होतं.
त्या जागी तिचा हात,
आणि हाताच्या कडेशी पावाचा चुरा.

यास्ना बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, “करंगळी खोटी आहे.”
रोसेंदो म्हणाला, “राहू दे ना.”
“खोटी आहे पण.”

एदुविहेसनं पेन्सिल मागितली.
हाताखाली बारीक ठिपक्यांची एक ओळ काढली.
छापखान्यात त्याचा अर्थ :
जसं आहे तसं असू द्या.
यास्ना ते ठिपके खोडायला रबर शोधत राहिली.

मग रोसेंदोनं आपली पानं मांडली.
पहिल्या चौकटीत कुत्रा होता,
किंवा घोडा.
तो ओठ घट्ट मिटून छताकडे बघत बसला.
मी घसा खाकरला.